न जुळणारा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला कोणीतरी एकीने काहीतरी बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर कोणी लोणची-मुरंब्यांवर बोलले, कोणी मुलांच्या दुखण्यांवर, कोणी काशीयात्रेवर. यंदा माझी पाळी आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि शाळा सुटल्यालाही तीस वर्षे होऊन गेली. म्हणून 'आकाशातील न दिसणारे द्रव्य' हा विषय मी सांगितला तेव्हा आपल्या चिटणीसबाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "अहो, पापडांचा हिशेब सांगा, तो तुम्हांला येतो." मी म्हटले, "पापडांचाच सांगणार आहे, पण वाटेत आकाश लागते."

ती गोष्ट अशी. गेल्या उन्हाळ्यात आपण उडदाच्या पापडांचे काम घेतले होते. खजिनदार या नात्याने पिठाच्या पावत्या माझ्याकडे आणि विकलेल्या पुड्यांची वहीही माझ्याकडे. एका किलो पिठाचे शंभर पापड होतात, हे आपण पहिल्याच दिवशी मोजून ठरवले होते. हंगामात पीठ आणले ६० किलो. म्हणजे पापड व्हायला हवेत ६,००० आणि पंचविसाच्या पुड्या २४०. वहीत विकलेल्या पुड्या निघाल्या २७६! तूट आली असती तर एक वेळ समजले असते. काही फुटले, काही सांडले, काही पोरांनी पळवले. पण वाढ कशी यावी?

त्या बैठकीत काय काय बोलणे झाले ते आपल्याला आठवत असेल. कोणी म्हणाले, पिठाची एखादी पावती खजिनदारांनी दडवली. कोणी हळूच म्हणाले, सातवीच्या हिशेबाचे असेच व्हायचे. एका भगिनीने अगदी प्रेमाने सुचवले, "पैसे जास्तच आलेत ना? मग २४० लिहा आणि वरचे देणगीत दाखवा, कोण विचारतो?" तिचा हेतू वाईट नव्हता. पण मला त्या रात्री झोप आली नाही. मी वही उघडून बसले होते, तेव्हा माझी थोरली मुलगी उठून आली. ती बी. एस्सी.ला आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि हसत म्हणाली, "आई, तुझ्या वहीत डार्क मॅटर निघालं!"

डार्क मॅटर म्हणजे काय, हे मी तिला त्या रात्री विचारले आणि मग विचारतच राहिले. तिने सांगितले, पुस्तके आणून दिली, वाचूनही दाखवली. फेब्रुवारीत २८ तारखेच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते, तिकडेही आम्ही मायलेकी जाऊन आलो. जे मला समजले तेवढेच सांगते.

डार्क मॅटरला मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात. ते काळे आहे असा अर्थ नाही. काळी वस्तू निदान डोळ्यांना काळी दिसते. हे द्रव्य प्रकाश देत नाही, अडवत नाही, परतवत नाही. त्यातून पलीकडचे स्वच्छ दिसते. मग ते आहे हे कळले कसे? तर हिशेब जुळेना म्हणून कळले.

आपल्या सूर्यमालेचा हिशेब चोख आहे. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो, आपली पृथ्वी ३०, गुरू १३, आणि सर्वांत लांबचा नेपच्यून साडेपाचाच्याही आत. जो लांब तो संथ. कारण ओढून धरणारा ऐवज जवळजवळ सगळा मधोमध, सूर्यात आहे, आणि लांब जावे तशी ओढ कमी होते. ओढ कमी असून वेग जास्त असता तर ग्रह केव्हाच सुटून गेला असता.

माहेरी असताना बाजरीच्या राखणीला मी मचाणावर उभी राहून गोफण फिरवली आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी फिरवली असेल. धोंडा जितका जोरात फिरवावा तितकी दोरी हाताला ओढ देते. दोरी कच्ची असेल तर तुटते आणि धोंडा भलतीकडेच जातो. आता असे समजा की, लांबच्या बांधावरून कोणाला दोरी दिसत नाही, फक्त फिरणारा धोंडा दिसतो. तरी धोंड्याचा वेग पाहून तो सांगू शकेल की, दोरी किती बळकट असली पाहिजे. कृष्णद्रव्याचा शोध हा असाच आहे. धोंडा दिसतो, दोरी दिसत नाही.

पण आकाशातल्या ताऱ्याचा वेग मोजायचा कसा? तेही मी मुलीला विचारले. पुणे-नाशिक रस्त्यावर भोंगा वाजवीत गाडी येते तेव्हा तिचा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातल्या खुणेच्या रेषा जराशा निळ्याकडे सरकतात आणि दूर जात असेल तर तांबड्याकडे. किती सरकल्या ते मोजले की वेग निघतो.

पहिला न जुळणारा हिशेब १९३३ साली मांडला गेला. फ्रिट्झ झ्विकी नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत कॅलिफोर्नियाला काम करीत होते. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला, फार लांब, हजारावर दीर्घिकांचा एक मोठा घोळका आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. त्या घोळक्यातल्या दीर्घिकांचे वेग झ्विकींनी ताडून पाहिले, तर त्या इतक्या जोरात धावत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने घोळका एकत्र राहणेच शक्य नव्हते. तो कधीच पांगायला हवा होता. झ्विकींनी लिहून ठेवले की, तेथे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे. त्यांचा आकडा पुढे फुगलेला ठरला, पण तफावत खरी ठरली. तरी पुढची तीसपस्तीस वर्षे बहुतेकांनी त्या हिशेबाकडे पाठच फिरवली.

मग ही वही पुन्हा उघडली ती एका बाईने. त्यांचे नाव व्हेरा रुबिन. यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण मला द्रव्याइतकीच या बाईंचीही ओढ लागली.

व्हेराबाईंचा जन्म १९२८ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. लहानपणी खिडकीतून तारे पाहत रात्र काढायच्या. चौदाव्या वर्षी वडिलांच्या मदतीने त्यांनी स्वतःची दुर्बीण बनवली. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा शाळेतले पदार्थविज्ञानाचे मास्तर त्यांना म्हणाले की, शास्त्रापासून लांब राहिलीस तर तुझे ठीक चालेल. १९४८ साली पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाकडे माहितीपत्रक मागितले. तेथे त्या विषयाला बायकांना घेतच नसत. तो दरवाजा १९७५ साली उघडला. मग त्या दुसरीकडे शिकल्या. डॉक्टरेटचे शिक्षण वॉशिंग्टनला, तेही रात्रीच्या वर्गात, आणि पदरात लहान मुले. त्यांना मोटार चालवता येत नसे, म्हणून यजमान त्यांना वर्गाला पोचवीत आणि गाडीतच जेवण करून वर्ग सुटेपर्यंत थांबत. मुलांना आई-वडील सांभाळीत. १९५४ साली त्यांनी डॉक्टरेट घेतली.

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या वेधशाळेत दुर्बिणीवर काम करण्याची रीतसर परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या बाई. तोवर बायकांना नकार देण्याचे एक कारण सांगत ते असे की, तेथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. व्हेराबाईंनी कागदाचा छोटासा झगा कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवून टाकला, असे सांगतात. आता झाले बायकांचे! भगिनींनो, आपल्या समाजमंदिरात स्वच्छतागृह व्हावे म्हणून आपण किती अर्ज केले ते आठवा, म्हणजे या बाई आपल्याला परक्या वाटणार नाहीत.

त्यांनी आणि केंट फोर्ड या त्यांच्या सहकाऱ्यांनी देवयानी दीर्घिका तपासायला घेतली. ही आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. दिवाळीच्या सुमारास अंधाऱ्या रात्री, दिव्यांपासून लांब शेतावर गेलात, तर नुसत्या डोळ्यांनीही कापसाच्या पुसट बोळ्यासारखी दिसते. फोर्ड यांनी अंधूक प्रकाश वाढवून टिपणारे उपकरण तयार केले होते. त्याच्या साहाय्याने देवयानीतल्या तेजस्वी वायूच्या ६७ ठिकाणांचे वेग या दोघांनी मोजले, मधल्या भागापासून पार कडेपर्यंत. अपेक्षा अशी की, नेपच्यूनप्रमाणे कडेचे तारे संथ असतील. निघाले काय? कडेचेही सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वरच! १९७० साली त्यांनी हे आकडे प्रसिद्ध केले.

आता माझ्या मनाला भिडली ती गोष्ट पाहा. आकडे अपेक्षेसारखे आले नाहीत म्हणून या बाईंनी ते दुरुस्त केले नाहीत. लगेच मोठ्याने काही जाहीरही केले नाही. त्यांनी दुसरी दीर्घिका घेतली, मग तिसरी. १९८० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २१ दीर्घिकांची मापे पुढे ठेवली. सगळीकडे तोच प्रकार. कडेला जावे तरी वेग उतरत नाही. एका वहीत चूक असू शकते. एकवीस वह्यांत तीच चूक कशी असेल? मग मात्र पुष्कळांना मान्य करावे लागले की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या भोवती, त्यांच्याही पुष्कळ पलीकडेपर्यंत, न दिसणारे द्रव्य पसरलेले असावे आणि त्याच्या ओढीने हे तारे जागेवर राहत असावेत.

याच कामाला आपल्या जुन्नर तालुक्याचाही हातभार लागला आहे. खोडदच्या त्या थाळ्या आपण नारायणगावच्या बाजारला जाता-येता लांबून पाहतो. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने त्या उभ्या राहिल्या. एकूण ३० थाळ्या, एकेक ४५ मीटर रुंद, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. त्या प्रकाश पाहत नाहीत, रेडिओ लहरी ऐकतात. दीर्घिकेचे तारे संपतात त्याच्याही पलीकडे हायड्रोजन वायू पसरलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती पकडली की तो किती वेगाने फिरतो तेही कळते. अगदी लहान, फिकट दीर्घिकांतला असा वायू खोडदहून तपासला गेला आहे आणि त्यावरून तेथल्या न दिसणाऱ्या द्रव्याचा अंदाज केला गेला आहे. आपल्या टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शिवारात बसून कोणी विश्वाचा असा हिशेब तपासतो आहे, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

दुसरा एक पुरावा सांगते. वजनदार वस्तूच्या जवळून जाताना प्रकाशही वाकतो. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यातून पलीकडची अक्षरे पाहिली तर ती वाकडी दिसतात ना? तसे दीर्घिकांच्या घोळक्याआडून येणाऱ्या प्रकाशाने मागच्या दीर्घिका वाकड्या, ताणलेल्या दिसतात. किती वाकड्या दिसतात त्यावरून वजन कोठे आणि किती आहे त्याचा नकाशा काढता येतो. एके ठिकाणी दोन घोळके एकमेकांवर आदळून आरपार गेलेले आहेत. त्याला बुलेट क्लस्टर म्हणतात. आपल्या गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या की वाजंत्रीवाले एकमेकांत अडकतात आणि पोरे मात्र पायांतून निसटून पुढे जातात. तसेच तेथे झाले. दोन्हींतला तापलेला वायू एकमेकांत अडकून मागे राहिला, आणि दिसणाऱ्या द्रव्यात वजन जास्त त्या वायूचेच. पण २००६ साली नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा बहुतेक वजन वायूपाशी नव्हते, ते पुढे निघून गेलेले होते. म्हणजे कोणालाही न अडता पुढे सरकलेले असे काहीतरी तेथे आहे.

आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण द्रव्याचे सहा वाटे केले तर त्यांतले साधारण पाच न दिसणारे आहेत. तारे, ग्रह, डोंगर, समुद्र, तुम्ही-आम्ही मिळून उरलेला एक.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कृष्णद्रव्याचा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. जमिनीखाली खोल उपकरणे लावूनही नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, द्रव्य कमी नाहीच, ओढीचा नियमच लांबवर वेगळा चालत असेल. मिलग्रॉम नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली असा वेगळा नियम मांडला. काही दीर्घिकांना तो चांगला लागू पडतो, पण मोठ्या घोळक्यांपाशी त्याचा हिशेब अपुरा पडतो. म्हणून बहुतेकांचा कल द्रव्याकडे आहे. तरी दोन्ही बाजू मोजून पाहत आहेत, हे महत्त्वाचे.

हे मी घरी सांगत होते तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ, न दिसणारे असते हे शास्त्रज्ञसुद्धा मानतात! मग त्या अंगारेवाल्याला तू का नावे ठेवतेस?" मी म्हटले, "काकू, तो म्हणतो ते खोटे निघाले तर कसे ओळखायचे, हे तो सांगत नाही. हे लोक आधीच सांगतात की, अमुक ठिकाणी अमुक इतके वजन भरले पाहिजे. न भरल्यास आमचे चुकले. आणि हे दक्षिणाही मागत नाहीत." काकू हसल्या, पण पटले असावे.

आता आपल्या ३६ पुड्यांकडे येते.

मी आकडा बदलला नाही. पहिल्याने तराजूवर संशय घेतला. वाण्याकडची वजने आणून ताडून पाहिला, तो बरोबर होता. मग म्हटले, पापड पातळ लाटले गेले असतील. ठिकठिकाणच्या दुकानांतून आपल्याच पुड्या परत घेऊन वजन केले, तर सगळ्या सारख्याच भरल्या. म्हणजे नियम ठीक होता. मग ९ किलो पीठ कोठून तरी आत आलेच होते. मी दिवसवार मांडणी केली. तेव्हा दिसले की, वाढ रोजची नाही, फक्त मंगळवार आणि शुक्रवारच्या मालात आहे. त्या दोन्ही दिवशी पीठ एकाच घरी भिजत असे.

मी त्या घरी एकटीच गेले. कोणाला बोलले नाही. त्या माई आज समोरच बसल्या आहेत आणि त्यांनीच सांगायला परवानगी दिली आहे. म्हणाल्या, "तीन वर्षांची वर्गणी थकली होती. हाती रोकड नव्हती, पोराकडे मागवत नव्हते. घरचे उडीद होते, ते दळून घालत गेले. सगळ्यांच्या बरोबरीने बसायचे तर फुकट कशी बसू?" मला बोलवेना. आपण तिकडे चोर शोधत होतो आणि इकडे एक बाई मूठमूठ देत होती.

पुढच्या बैठकीत ठराव झाला आणि मी वहीत लिहिले, '९ किलो उडीद पीठ, वर्गणीपोटी जमा.' हिशेब जुळला. त्या रात्री मी २४० लिहून वही मिटली असती, तर माईंचे नाव कधीच कागदावर आले नसते.

मुलीची एक मैत्रीण म्हणाली, "काकू, तुम्ही बायकाच घराचे कृष्णद्रव्य आहात." बोलायला गोड आहे, पण मला ते मान्य नाही. ते द्रव्य दिसतच नाही, त्याला कोण काय करणार? आपले काम सगळ्यांना दिसते. ते कोणी मांडत नाही इतकेच. मांडायचे ठरवले तर त्याला दुर्बीण लागत नाही, वही पुरते.

व्हेराबाई २०१६ च्या डिसेंबरात वारल्या. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. परंतु दक्षिण अमेरिकेत चिली देशात एका डोंगरावर त्यांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिचा आरसा ८.४ मीटर रुंद आहे आणि २०२५ च्या जूनमध्ये तिची पहिली छायाचित्रे जगाने पाहिली. दहा वर्षे दक्षिणेकडचे आकाश पुन्हा पुन्हा टिपायचे, असे तिचे काम ठरले आहे. ज्या बाईला दुर्बिणीपाशी येऊ देत नव्हते तिच्या नावाने आता दुर्बीणच ओळखली जाते.

माझी थोरली पुढे हाच विषय घेऊन शिकायचे म्हणते. खरे सांगते, पहिल्यांदा तिने हे सांगितले तेव्हा मीही त्या मास्तरांसारखेच बोलले होते: "ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे, साधेसे काही घे." ते शब्द मी आज तुम्हां सर्वांसमोर परत घेते. ती मागच्या रांगेत बसली आहे, तिने ऐकले असेल.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढेच सांगायचे होते. घरचा असो, मंडळाचा असो की आकाशाचा, हिशेब जुळला नाही तर आकडा पुसू नका आणि घाईने कोणाला चोरही ठरवू नका. पुन्हा मोजा.  पापडांच्या पुड्या बाहेर टेबलावर आहेत. यंदा पीठ मोजून घेतले आहे.